चार मिनिटांचं विमान

२ ऑक्टोबर, दसरा

चार मिनिटं! चार मिनिटं मस्त उडलं, पाचव्याला घरघर केलं आणि गप्प. खाली मुदखेडच्या रस्त्यालगतची हळद. सहा फुटी पंखांचं माझं रिमोटचं विमान हळदीत असं घुसलं की शेपटाशिवाय काही दिसेना.

पंप. दुसरं काहीच नाही. टाकीतून इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप मरून राहिलाय. कार्ब्युरेटरच्या पोटात काळा, कागदाएवढा पातळ पडदा असतो. इंजिनाच्या धडधडीवर तो वरखाली होतो आणि पेट्रोल खेचतो. पडदा कडक झाला की इंजिन उपाशी. साधी गोष्ट आहे. पडदा बदलला की झालं.

काल खंडेनवमी. मामीने दुकानातल्या सगळ्या अवजारांबरोबर विमानाचीही पूजा केली होती. पान्हे, ग्राइंडर, फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशिनी — सगळ्यांना ओलं हळदकुंकू, वरून अक्षता. विमानाच्या पोटाखाली पितळी नळीचं टोक बाहेर येतं, त्याला ती बेंबी म्हणते. बेंबीला सगळ्यात जास्त. झेंडूचा हारही. आणि आजच पडलं! माझ्या वाटेला देवही उलटाच.

हळदीचा मालक शेषेराव विमान देईना. म्हणे माझा फवारणीचा पंप तीन महिने तुझ्या मामाच्या दुकानात पडून आहे, तो दुरुस्त करून आण, मग ने. तवर विमान बैलाशेजारी बांधलंय. खरंच बांधलंय. दाव्याने.

३ ऑक्टोबर

तनुजाचा फोन. लातूरहून. गच्चीवरून हळू बोलत होती.

९ नोव्हेंबरला, रविवारी, पुण्याचा मुलगा तिला बघायला येणार. श्रीनाथ. मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. पोहे तिनेच करायचे म्हणे.

मी म्हणालो, मी असताना?

"तू असताना म्हणजे? तू आहेस कुठे?"

नांदेडला, मामाच्या दुकानात, म्हणालो. ती म्हणाली, "अमरेश, तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलंस. जिम सोडलीस. एमपीएससीचा क्लास तीन दिवसांत सोडलास. एक गोष्ट पूर्ण करून दाखव. एकच. मग मी बाबांशी बोलते."

बाबा म्हणजे वसंतराव. फिजिक्सचे रिटायर मास्तर. त्यांना मी एकदाच भेटलोय. सध्या काय करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो विमान. ते म्हणाले, नाही, काम?

क्लास मी सोडला कारण तिथला मास्तर मला मागच्या बाकावर बस म्हणाला. आणि कॉलेज सोडलं कारण लॅबच्या सरांना मी भर वर्गात म्हणालो की तुम्ही जिंदगीत कागदाचं विमान तरी उडवलंय का. माफी माग म्हणाले. मी बॅग उचलली आणि विष्णुपुरीहून चालत नांदेडला आलो. चालत! बस येत होती तरी.

ठरलं. ९ तारखेला, पोहे चालू असताना, तिच्या घरावर विमान. पूर्ण दहा मिनिटं. मागे कापडी फलक. दहा मिनिटं म्हणजे पूर्ण टाकी, म्हणजे एक गोष्ट पूर्ण! तिला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की पंप त्रास देतोय.

६ ऑक्टोबर

शेषेरावाचा पंप दुरुस्त करून विमान सोडवून आणलं. बैलाने उजव्या पंखाचं टोक चाटून चाटून रंग काढलाय.

शेषेराव म्हणाला, "ह्याच्यानं फवारणी होत आसंल तर सांग. न्हाईतर खामखा आवाजच हाय."

८ ऑक्टोबर

नवा पडदा घातला. इंजिन चालूच होईना. चाळीस वेळा पंखा फिरवला, बोट सोललं.

मामा लांबून, चहा पीत पीत — "पडदा आदी का गॅस्केट आदी?"

मी म्हणालो मला माहीत आहे.

९ ऑक्टोबर

उलटं लावलं होतं.

१२ ऑक्टोबर

चालू झालं! शेषेरावाच्या बांधावर नेलं. टाकी फुल्ल. साधारण चार मिनिटं, मग घरघर, मग गप्प. या वेळी हळदीत नाही, शेषेरावाच्या जेवणात. पिठलं होतं.

परत अर्धीच टाकी भरून उडवलं, तर जास्त चाललं. सहाएक मिनिटं. मामा सोबत होता. म्हणाला, भरल्यावर कमी चालतंय आणि अर्ध्यात जास्त, हे उलटं कसं? मी म्हणालो मामा, फवारणीचा पंप येगळा आणि विमानाचा पंप येगळा. त्याने पान लावलं.

आणखी एक. टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो. टाकीची गालफडं आत बसलेली असतात, झाकण काढलं की परत फुगतात. पेट्रोलची वाफ असणार. ऊन लई आहे.

संध्याकाळी तनुजाला फोन. तिने लगेच विचारलं, "किती मिनिटं किती सेकंद?" मी म्हणालो चारेक. "चारेक नको. घड्याळ लाव. फुल्ल टाकीला किती, अर्ध्या टाकीला किती, लिहून काढ. आणि नळ्या सगळ्या बघितल्यास का? टाकीत हवा येते ती पण?"

पंप आहे गं, पंप, म्हणालो. मला शिकवू नको.

कॉलेजच्या विमानांच्या क्लबमध्ये तिची हीच सवय. रिमोट माझ्या हातात, घड्याळ आणि पेट्रोलची बाटली तिच्या हातात. दोन वर्षं. काय जोडी होती आमची! हे इंजिन दोघांनी मिळूनच जोडलेलं. एकदा म्हणाली होती, मला देतोस का रिमोट, दोन मिनिटं? मी म्हणालो, पडलं तर? हसली. परत कधी मागितला नाही. समजूतदार आहे.

१५ ऑक्टोबर

आज इज्जतीचा फालुदा.

इंजिन जमिनीवर तपासायचं म्हणून विमान बाजेला दोरीने करकचून बांधलं आणि अंगणात चालू केलं. पंपाकडे बघत होतो, बाकी कशाकडे नाही. बाज चालायला लागली. मी पाय धरला, तर मला घेऊन चालायला लागली! गेटपर्यंत. तिथे वळली, आणि पंख्याची सगळी हवा मामीच्या दिवाळीच्या चिवड्याच्या पोह्यांवर. पाच किलो पातळ पोहे उन्हात वाळत होते. होते.

शेजारच्या गच्चीवर, विजेच्या तारेवर, मामाच्या टकलावर. गल्लीतली कबुतरं अजून जेवून राहिलीत.

मामीने पाच किलो परत आणले आणि मला चाळायला बसवलं. चाळता चाळता म्हणाली, "ती पोरगी व्हय म्हणंल का रे?"

माझे डोळे भरून आले. पोह्याची धूळ.

चार मिनिटं चाललं, बाजेसकट.

१७ ऑक्टोबर

माशांच्या टाकीची नळी वापरली होती, पेट्रोलने ती काडीसारखी कडक झाली. बदलली. चार मिनिटं.

१९ ऑक्टोबर

पंपाची बारीक जाळी काढून धुतली. स्वच्छ होती. तरी धुतली. चार मिनिटं.

तनुजाने विचारलं घड्याळ लावलं का. फोन ठेवला मी. मग दहा वेळा केला. तिने उचलला नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

मामीने परत बेंबीला हळदकुंकू लावलं. मी म्हणालो मामी, विमानाला पूजा नको, पडदा पाहिजे. ती म्हणाली, "लग्नाच्या कामाला जायचंय त्येला." आणि अक्षता दाबून बसवल्या, कडेला बोटानं सारखं केलं, जसं लेकराला तीट लावतात.

२५ ऑक्टोबर

नऊ मिनिटं!!!

नऊ! किंवा त्याच्या आसपास. तिसरा पडदा, गवत कापायच्या मशिनीतला. हाच तो पडदा! शेषेरावाच्या हळदीवर सात घिरट्या, एक उलटी. शेषेराव टोपी काढून बघत होता. पेट्रोल मात्र सगळ्या अंगावर उडालेलं. टाकीचं झाकण घाईत सैल राहिलं होतं. फिकीर नाही.

तनुजाला सांगितलं. ती म्हणाली, "पडद्याशिवाय आणखी काय बदललं?"

काहीच नाही, म्हणालो.

"नीट आठव."

काहीच नाही! माणसाला जरा खूश होऊ द्यावं की.

२६ ऑक्टोबर

झाकण नीट घट्ट केलं, वर टेप लावली. चार मिनिटं. ऊसतोडीच्या टोळीच्या मधोमध पडलं. बाया पांगल्या, एकीने कोयता उगारला.

काही समजेना. कालचाच पडदा आहे. कालचंच पेट्रोल. कालचाच मी.

२ नोव्हेंबर

गल्लीत तुळशीचं लग्न. तुळशीचंही होऊन गेलं.

४ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं. पंप, कार्ब्युरेटर, सगळं खोलून काढलं आणि जुन्या पुलावरून गोदावरीत फेकलं. जोरात. एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याने पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दर्शनाला आलता व्हय?"

मामाला घाबरत सांगितलं. मामाने शिवी दिली नाही. एका गिऱ्हाइकाने सोडून दिलेल्या मशिनीचा अख्खा कार्ब्युरेटर माझ्यासमोर ठेवला. त्यात पंप आपसूक आला. अगदी नव्यासारखा. म्हणाला, "आता तरी फेकू नको."

५ नोव्हेंबर

नवा पंप. चार मिनिटं.

दोन येगळे पंप, एकच रोग! हे कसं होऊ शकतं? माझ्यावर कोणी करणी केलीय का? मामाला विचारलं, तर तो म्हणाला, "पंपात न्हाई त्ये पंपात हुडकायलास." मी दार आपटून बाहेर पडलो. दार परत बसवायला दीड तास गेला.

७ नोव्हेंबर

फलक तयार. दुकानाचा जुना कापडी बोर्ड उभा फाडून घेतला. मागच्या कोऱ्या बाजूवर लाल रंगाने लिहिलं — तनुजा नाही म्हण. आठ फुटात एवढंच बसलं.

पुढची बाजू खोडायला वेळ नव्हता.

८ नोव्हेंबर, लातूर

नांदेड–लातूर एसटी. टाकी रिकामी करून निघालो, कंडक्टरने वास घेऊनच आत घेतलं. पंख काही आडवे बसेनात. शेवटी तीन सीटच्या लोकांच्या मांडीवरून गेले. लोह्याला चढलेल्या एका काकूंनी पंखावर डबा ठेवून जेवण केलं. अहमदपूरला एकाने विचारलं कोणाचं आहे. काकूच म्हणाल्या, "ह्या पोराचं हाय. पोरगी मागायला चाललाय." मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

निघताना मामीने ओवाळलं. मला आणि विमानाला. परत बेंबीला.

चार मिनिटं तर चार मिनिटं. चार मिनिटांत कोणीही वर बघतं.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहितोय कारण झोप येणार नाही.

वसंतरावांच्या घरामागे नवं प्लॉटिंग आहे, नुसती मोकळी माती. अकरा वाजता पांढरी गाडी येऊन थांबली. मी टाकी फुल्ल भरली, फलक लावला, उडवलं. काय उडालं! घराच्या गच्चीवरून गेलं, वळलं, परत आलं. अंगणात माणसं बाहेर आली. मी भिंतीआडून बघत होतो. वसंतराव, तनुजाची आई म्हणजे काकू, पांढऱ्या शर्टातला तो श्रीनाथ. आणि तनुजा, हातात पोह्यांचा ट्रे. तिने वर बघितलं. विमानाकडे नाही, फलकाकडे.

आणि मग घरघर.

विमान गप्प झालं. मी रिमोट धरून ओरडत पळालो. ते तरंगत तरंगत अंगणात आलं, तुळशीवृंदावन चुकवलं, गाडीच्या टपावर टेकलं, घसरलं आणि श्रीनाथच्या बुटापाशी थांबलं. फलक अंगणभर पसरला. नेमकी दुसरी बाजू वर.

वसंतराव चष्मा वर करून मोठ्याने वाचायला लागले. "श्रीमंत पंप रिपेअरिंग. सर्व प्रकारचे पंप खात्रीशीर दुरुस्त." मग माझ्याकडे बघून — "खात्रीशीर?"

मी फाटकात उभा, घामाघूम. म्हणालो, पंप खराब आहे, नाहीतर दहा मिनिटं उडतं.

श्रीनाथ गुडघ्यावर बसला. मला वाटलं हसणार. मी मारायच्या तयारीत होतो. तो हसला नाही. टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स. त्याने झाकण लावलं, परत काढलं. मग विमान उलटं केलं, पोटाखालची पितळी नळी बघितली आणि काकूंना म्हणाला, सुई मिळेल का. काकूंनी पदराची पिन काढून दिली.

त्याने नळीतून एक तांदळाचा दाणा काढला. पिवळा. मागोमाग वाळलेल्या हळदीचा खडा, मग कुंकवाचा, मग आणखी एक दाणा. सगळं तळहातावर घेऊन दाखवलं. "टाकीत हवाच जात नव्हती. पेट्रोल बाहेर जायचं तर आत हवा यायला पाहिजे. पंप बिचारा ओढत होता. पंपाचा काही दोष नाही."

वसंतरावांनी वाकून बघितलं. "अक्षता आहेत की ह्या. लग्न कोणाचंय?"

मला गोदावरीतला पंप आठवला.

इथपर्यंत इज्जत गेली, ठीक. पुढचं जे झालं ते जास्त वाईट. श्रीनाथ म्हणाला, चालू करून बघू का? मी पेट्रोल आणलं. इंजिन असं गायला लागलं जसं कधीच गायलं नव्हतं. उडालं. आणि उतरेचना! वसंतराव टाळ्या वाजवायला लागले, मग गतीचे नियम सांगायला लागले, मग मला म्हणाले रिमोट मला दे. मी दिला. मग श्रीनाथला दिला. मग परत मी. आम्ही तिघं मान वर करून प्लॉटिंगभर पळत होतो. जोड्याला माती, कोणाला पर्वा नाही. किती वेळ गेला कळलंच नाही. उतरवलं तेव्हा टाकी कोरडी ठणठणीत.

मी ओरडलो, "दहा मिनिटं! तनुजा, दहा मिनिटं पूर्ण!"

ती पायरीवर बसली होती. ट्रे बाजूला, पोहे गार. कोणीच खाल्ले नव्हते. ती म्हणाली, "कितीला उडालं?"

मी श्रीनाथकडे बघितलं. श्रीनाथने वसंतरावांकडे. कोणीच घड्याळ लावलं नव्हतं.

"माझ्याकडे कोणी बघितलं का," ती म्हणाली, "आज बघायचा कार्यक्रम होता म्हणून विचारते."

आणि आत गेली. जाताना विमान उचलून घेऊन गेली. सहा फुटी पंख दारातून तिरके करून, एका हाताने, कुठेही न लागता.

१० नोव्हेंबर

नांदेडला आलो. हात रिकामे. एसटीत जागा लई होती.

तनुजाने पुण्याला 'नाही' असं कळवलं. फलकात लिहिलं होतं तसंच झालं, पण मला आनंद होईना. मी विमान मागितलं तर मेसेज आला — निम्मं माझं आहे. दोन वर्षं तुझं निम्मं उडलं.

त्याखाली आणखी एक. हवेची नळी बघ असं मी सहा वेळा म्हणाले. सहा. तारखा आहेत माझ्याकडे.

ही वही मागे मागे वाचत गेलो. १२ ऑक्टोबरची एक सापडली. बाकीच्या पाच मी लिहूनही ठेवल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर

मामीला सांगितलं, तुझी अक्षता होती. ती घाबरली नाही. म्हणाली, "मग कामाला आली म्हण की. पुण्याचं मोडलं न्हाई का?"

मामाने गवत कापायची मशीन पुढ्यात टाकली. पंप चालेना म्हणे. मी आधी टाकीचं झाकण बघितलं. भोक मातीने बुजलं होतं. चहा मामाने स्वतः आणून दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी व्हिडिओ आला. वसंतरावांनी काढलेला, सगळा हलतोय, मधेच त्यांचा अंगठा. प्लॉटिंगवर तनुजा, रिमोट तिच्या हातात. विमान वळतं, पालथं होतं, सरळ होतं, उतरताना मातीवर एकदाही उडी नाही. ही हे कधी शिकली? दोन वर्षं तर माझ्या शेजारीच उभी होती.

घड्याळ लावून दोनदा बघितला. लिहून पाठवलं — अकरा मिनिटं आठ सेकंद.

तिचं उत्तर — "बरोबर. पुढच्या रविवारी ये. बाटली धरायला माणूस पाहिजे. रिमोट मागायचा नाही."